अनामत, हस्ते गोटीराम देवरे

देवरे गेले तेव्हा गंगेवर, म्हणजे आमच्याच नदीकाठी, दशक्रियेला पाच भाषणं झाली. प्रत्येक वक्त्याने सांगितलं की असा प्रामाणिक माणूस पुन्हा होणे नाही. मी मागे छत्रीखाली बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी लंकाबाई. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "ताई, पुन्हा होणार नाही हेच बरं."

आम्ही पेठ रोडच्या एकाच गल्लीत राहिलो, समोरासमोर. त्यामुळे गोटीराम देवरे यांच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलण्याचा अधिकार त्या पाच वक्त्यांपेक्षा मला जास्त आहे, असं मी समजते.

देवरे मूळचे देवळ्याकडचे. सगळी नोकरी सरकारी धान्य गोदामात झाली. गोदामपाल म्हणून निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी निरोपाच्या भाषणात सांगितलं की देवऱ्यांच्या काळात एकही पोतं चोरीला गेलं नाही. हे खरंच होतं. किती पोती उंदरांनी फस्त केली आणि किती गळक्या पत्र्याखाली भिजून त्यांना कोंब फुटले, हे साहेबांनी सांगितलं नाही. वरून हुकूम आल्याशिवाय पोतं जागचं हलवायचं नाही, असा देवऱ्यांचा नियम होता. हुकूम येत नसे, पोती हलत नसत. उंदरांना हुकमाची गरज नव्हती.

निवृत्तीनंतर त्यांनी घराचंच गोदाम केलं. गल्लीतलं कुणी चारधामला निघालं, कुणाची बदली झाली, कुणी लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला गेलं, की मौल्यवान वस्तू देवऱ्यांकडे. एका कुटुंबाची हार्मोनियम, दुसऱ्याचा कॅरम, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं परदेशी घड्याळ. देवरे प्रत्येक वस्तू जुन्या धोतरात गुंडाळून, सुतळीने बांधून भिंतीशी लावत. खोलीत मधे चालायला एक वाट राहिली होती. पाहुणा आला तर लंकाबाई त्याला ओट्यावर चहा देत.

ठेवायला आलेल्या माणसाची मात्र सहजी सुटका नसे. तो चुकून म्हणे, "एवढं ठेवून घ्या."

"ठेव नाही," देवरे म्हणत. "ठेव बँकेत. बँक तुमचे पैसे दुसऱ्याला देते, वर तुम्हाला व्याज देते. माझ्याकडे असते ती अनामत. जशी दिली तशी परत. ना कमी, ना जास्त, ना वापरलेली."

मग त्या शब्दाची कुळकथा सुरू होई. मालेगावच्या गोदामात असताना एका उर्दू जाणणाऱ्या हेडक्लार्कने त्यांना ती सांगितली होती आणि ती त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना सांगितली. मूळ शब्द अरबी, अमानत. विश्वासाने सोपवलेली चीज. मराठीत येता येता अक्षरांची अदलाबदल झाली आणि अनामत झाली. इमान त्याच कुळातलं. ज्याच्या भरवशावर कारभार सोडायचा तो अमीन, तोही त्याच घरातला. म्हणजे अनामत राखणं हे नुसतं सामान राखणं नव्हे, इमान राखणं आहे. इथे ते थांबत आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत. समोरच्याची गाडी सुटायला आलेली असे.

एकदा मी त्यांना सांगितलं की आमच्या कॉन्व्हेंटात प्रार्थनेच्या शेवटी आम्ही जे आमेन म्हणायचो, तेसुद्धा याच मुळाचं आहे. हिब्रू आणि अरबी या बहिणी. पक्कं, भरवशाचं, असा त्याचा अर्थ. देवरे इतके खूश झाले की उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून व्याख्यान तेवढ्याने लांबलं आणि गल्लीतली माणसं माझ्याकडे रागाने बघू लागली.

त्यांच्या प्रामाणिकपणाचा वास एकदा सगळ्या गल्लीला आला. एका कुटुंबाने हापूसची पेटी त्यांच्याकडे दिली. दोन दिवसांत येतो म्हणाले, आणि सासऱ्यांच्या आजारपणात तिकडेच अडकले. वैशाखातले दिवस. आंबे पिकले, मग काळे पडले, मग पेटीतून रस गळू लागला. लंकाबाई म्हणाल्या, "शेजारच्या पोरांना तरी वाटून टाका."

"अफरातफर!" देवरे ओरडले.

मालक परतल्यावर देवऱ्यांनी ती पेटी माश्यांसकट त्यांच्या दारात नेऊन ठेवली. मालकांनी नाकाला रुमाल लावून आभार मानले. लंकाबाईंनी फरशी सोड्याने तीनदा धुतली आणि दाराशी उभं राहून, माहेरच्या अहिराणीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हाई घर शे का गोदाम?"

देवऱ्यांनी शांतपणे सांगितलं, "गोदामात इतका आवाज नसतो."

या घरात चिमणाबाई गावित पहिल्यांदा आली ती १९९५ च्या उन्हाळ्यात. ती पेठच्या डोंगरातली. पावसाळ्यात गावी भात आणि नागली, आणि दिवाळी झाली की नवरा लहानू आणि लेक ललिता यांना घेऊन मखमलाबादच्या द्राक्षबागांत मजुरीला. नाक्यावर प्लास्टिकचं पाल टाकून राहायची. हंगाम संपला की गावी परतण्याआधी भांडीबाजारातून ललिताच्या लग्नासाठी एक भांडं घ्यायची. पितळेचंच. त्या वर्षी कळशी घेतली होती आणि ती कुठे ठेवावी हा प्रश्न होता.

"गावी का नेत नाहीस?" मी विचारलं. ती कधीमधी माझ्याकडे गहू निवडायला येत असे.

"गावी नेली का वाडीची झाली, बाई. ह्याच्या लग्नाला द्या, त्याच्या मयताच्या दिसाला द्या. नाय म्हणता येत नाय. परत येती ती पोचे पडून. माझ्या आईचा हंडा असाच फिरतोय, अजून घरला आला नाय."

मी तिला देवऱ्यांकडे पाठवलं. तिने व्याख्यान उभ्याने, कळशी कडेवर घेऊन, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. बाहेर येऊन मला म्हणाली, "बोलतो लय. पण वापरायचा नाय, एवढं कळलं."

त्यानंतर दरवर्षी एक भांडं वाढत गेलं. कळशीनंतर परात, मग घंगाळ, मग तपेली, मग झाकणाचा मोठा हंडा. लंकाबाई आपल्या दोन चेपलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत स्वयंपाक करत आणि भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या त्या पितळेकडे बघत. एकदा घरी बारा माणसं जेवायला होती तेव्हा त्यांनी ती परात फक्त कणीक मळण्यापुरती मागितली. देवऱ्यांनी ती दिली नाहीच, वर त्या दिवशी ते जेवले नाहीत.

अडचण झाली ती तांब्यामुळे. चिमणाबाईने एका वर्षी तांब्या आणला आणि त्याच महिन्यात दुसऱ्या एका बाईनेही हुबेहूब तसाच ठेवला. दोन्ही तांबे शेजारी शेजारी ठेवून देवरे दोन दिवस त्यांच्याकडे बघत बसले. यात गफलत झाली तर इमान गेलं. शेवटी त्यांनी हातगाडी भाड्याने आणली, चिमणाबाईची सगळी भांडी तिच्यावर चढवली आणि भांडीबाजारात नावं घालणाऱ्याकडे गेले.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते आहेर करणाऱ्याचं. अमक्याकडून तमक्याच्या लग्नात सप्रेम भेट. किंवा देवळाला दिलं तर कैलासवासी कुणाच्या तरी स्मरणार्थ. राखणदाराने राखलेल्या भांड्यावर नाव घातल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. कर्रकर्र करणाऱ्या मशीनने त्या माणसाने प्रत्येक भांड्याच्या गळ्याशी, टिंबाटिंबांनी, ठसठशीत कोरलं:

चिमणाबाई लहानू गावित यांची अनामत. हस्ते गोटीराम भिका देवरे.

"तिच्या हंड्यावर तुमचं नाव कशाला?" लंकाबाईंनी विचारलं.

"हस्ते लिहिलंय. जबाबदारी कुणाची ते कळायला नको?"

"तिला विचारलं का?"

"तिच्या भल्याचंच आहे."

पुढच्या हंगामात चिमणाबाई आली. तिला वाचता येत नाही. तिने टिंबांवरून बोट फिरवलं. "माझं नाव घातलं का, भाऊ?" देवरे हो म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. ती हरखली. लहानूला, ललिताला, मला, सगळ्यांना तिने ते नाव दाखवलं. मी वाचलं. पुढचा शब्द तेव्हा मलाही खटकला नाही. देवऱ्यांच्या घरात तो शब्द भिंतीच्या रंगासारखा झाला होता.

ललिताचं लग्न २००१ च्या उन्हाळ्यात ठरलं. मुलगा आश्रमशाळेत शिपाई, घर बरं, दोन भाऊ. चिमणाबाईला एकच घोर होता. तिच्याकडे लेकीला द्यायला दुसरं काहीच नव्हतं. सहा हंगाम वेलींखाली वाकून जमवलेली ती भांडी, तेवढंच. "पोरगी रिकाम्या हातानं गेली, असं कोणी म्हणाया नको," ती मला म्हणाली. "सासू पैल्या दिवशी चुलीवर काय चढवती, ते सगळी वाडी बघती."

भांडी न्यायला ती स्वतः जीप घेऊन आली. देवऱ्यांनी ती तिच्या हाती दिली नाहीत. "अनामत रस्त्यावर सोडायची नसते. मी मांडवापर्यंत येतो." ते जीपमध्ये पुढे बसले, मांडीवर हंडा घेऊन. मागे लंकाबाई, मी आणि, भांड्यांना हात न लावण्याच्या अटीवर, चिमणाबाई; पायांत घंगाळ, कडेला परात. सावळघाटात वळणं आली की देवरे मागे वळून ओरडत, "परात धरा!" एकदाही त्यांनी आम्हाला धरा म्हटलं नाही.

पेठच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वाडी. दारापुढे उंबराच्या डहाळ्यांचा मांडव. संबळ वाजत होता, बायका गाणी म्हणत होत्या, आणि चिमणाबाई शंभर कामांत इकडून तिकडे पळत होती. देवऱ्यांनी मांडवाच्या कडेला घोंगडी अंथरली, भांडी एकेक सोडून ओळीने मांडली आणि त्यांच्याजवळ उभे राहिले, सरकारी प्रदर्शनात असतं तसं.

नवऱ्याकडची मंडळी आली. त्यांच्यात नवऱ्याचा काका होता, यादव गुरुजी, प्राथमिक शिक्षक. सगळ्या वऱ्हाडात चष्मा त्यांचा एकट्याचा. जे काही लिहिलेलं दिसेल ते मोठ्याने वाचायची त्यांना सवय. ते हंड्यापाशी वाकले आणि वाचलं. "चिमणाबाई लहानू गावित यांची अनामत." मग कळशी. "यांची अनामत." मग घंगाळ, परात, तपेली, तांब्या. शेवटी ते सरळ झाले.

"अनामत? लायब्ररीत भरतात ती? गॅसच्या टाकीला भरतात ती?"

"तीच," देवरे म्हणाले.

"मग ही भांडी पोरीला दिलेली नाहीत?"

एवढ्यावर कुठलाही शहाणा माणूस दिली आहेत म्हणाला असता आणि विषय संपला असता. पण देवऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदाच हा शब्द आपणहून विचारणारा माणूस भेटला होता, आणि तोही शिक्षक. त्यांनी टोपी सारखी केली. मूळ अरबी. अक्षरांची अदलाबदल. इमान. अमीन. समोरच्या वहिनींचं आमेन. संबळवाला थांबला, कारण त्याला वाटलं कुणीतरी पुढारी बोलतोय.

"थोडक्यात," देवरे म्हणाले, "मालकाने मागितली की परत करावी लागते. आज मागो, वीस वर्षांनी मागो. अनामतीला मुदत नसते."

"आमी इलेक्शनला भरली व्हती," मागून कुणीतरी म्हणालं. "जप्त झाली!" पोरं हसली. नवऱ्याची आई हसली नाही. ती पुढे आली, हंड्याकडे बघितलं आणि मागे सरकली.

"परक्याची वस्तू माझ्या चुलीवर नाय चढायची. उद्या कोणी येऊन मागंल, सगळ्या वाडीदेखत. भांडी ऱ्हाऊ द्या इथंच. आन् ज्यांनी भांडीबी परत न्यायच्या बोलीवर दिली, त्यांची पोर कशी घ्यायची ते बी बघू."

लहानू गोंधळून कधी तिच्याकडे, कधी देवऱ्यांकडे बघत होता. मी देवऱ्यांचा सदरा ओढला. "अहो, अनामत फिटली एवढं म्हणा!"

"फिटतं ते कर्ज, वहिनी. अनामत सुपूर्द होते."

"मग सुपूर्द झाली म्हणा!"

"अजून कुठे झाली? चिमणाबाईने हात लावून पावली म्हटलं पाहिजे. तिला सकाळपासून सवड नाही. मी खोटं कसं बोलू?"

लंकाबाईंनी कपाळाला हात लावला. "ह्या माणसाला मी चाळीस वर्षं सांभाळलं," त्या गुरुजींना म्हणाल्या, "कुणाची अनामत आहे तेवढं सांगा, आत्ता परत करते."

तेवढ्यात चिमणाबाई आली, हात पिठाने माखलेले. कुणीतरी तिला बोलावून आणलं होतं. गुरुजींनी तिला कोरलेलं वाचून दाखवलं आणि त्याचा अर्थ सांगितला. तिने टिंबांकडे बघितलं, ज्यांच्यावरून तिने इतक्यांदा बोट फिरवलं होतं. मग देवऱ्यांकडे.

"भाऊ, माझ्या भांड्यांवर हे काय टोचून ठिवलंत?"

"खरं तेच."

"तुमचं खरं तुमच्या घरात ठिवा, धोतरात गुंडाळून. मला नको."

देवरे काही बोलायला गेले. तिने पिठाचा हात वर केला. ते गप्प बसले. हे मी त्यांच्या बाबतीत प्रथमच पाहिलं.

मग ती नवऱ्या मुलाच्या आईकडे वळली. माफी मागेल, समजूत घालेल, असं मला वाटलं. तिने पदर खोचला.

"वाचलं ते बरोबर हाय. ल्हिलंय तर ल्हिलंय, पितळंवरचं पुसत नाय. माझंच नाव हाय. तुमच्या चुलीवर रोज चढवा, कोणी मागायला येत नाय. पण पोरीला उपाशी ठिवली, तिच्या अंगाला हात लावला, तर मी येईन. वीस वर्सांनी बी येईन. भांडी बी नेईन न् पोर बी नेईन. गुरुजी, तुमी वाचलंय, तुमी साक्षीला."

गुरुजींनी चष्मा काढला आणि पुसू लागले. ठरलेलं लग्न मोडायला एवढं पुरेसं असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चिमणाबाईचा चेहरा मी बघितला. बोलून झाल्यावर तिलाही ते कळलं असावं, कारण पिठाचे हात ती पदराला पुसत राहिली, स्वच्छ झाल्यावरसुद्धा.

बोलली ती ललिता. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेली, आतल्या दारात उभी होती.

"आये, मी काय हंडा हाय का? ठिवून घ्या न् घेऊन जा. मला पाय हायत. यायचं झालं तर माझी मी येईन. आन् तुला न्यायचीच असतील तर परात नको नेऊ, ती मला लागंल."

आधी नवरा मुलगा हसला. त्याच्या आईने त्याच्याकडे वळून बघितलं, मग ललिताकडे, आणि तिच्याही तोंडावरचा पदर हसण्याने हलला.

"पोरीला तोंड हाय," ती म्हणाली.

"हाय तर," चिमणाबाई म्हणाली.

"बरं हाय. आमच्या घरात ह्याच्या बापाला उत्तर द्यायला कोणी नव्हतं." आणि तिने स्वतः वाकून हंडा उचलला. दोन्ही हातांनी वजनाचा अंदाज घेतला आणि शेजारणीला म्हणाली, "जड हाय गं."

संबळ सुरू झाला. त्या सगळ्या गोंधळात देवरे एकटे बेचैन होते. सजीव व्यक्ती अनामत होऊ शकते का, हा मुद्दा त्यांनी गुरुजींकडे काढून पाहिला. गुरुजी जेवायला उठून गेले. आणि मुख्य म्हणजे सुपूर्द करणं राहिलंच होतं. अक्षता पडत असताना, पंगत बसताना, देवरे तांब्या हातात धरून चिमणाबाईच्या मागे फिरत होते. "नुसता हात लाव. पावली म्हण." ती म्हणे, "बाजूला व्हा, भाऊ, भात करपतोय."

दुपार उतरताना वऱ्हाड निघालं. भांडी जीपमध्ये चढली, ललिता त्यांच्या मधोमध बसली, आणि देवरे तांब्या तसाच हातात धरून इंजिनासमोर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. नवऱ्याकडचे लोक आधी हसले, मग वैतागले. देवरे हलेनात. माणसाच्या आयुष्यात एक तरी गोष्ट पुरी व्हावी, असं काहीसं त्यांच्या तोंडावर होतं. मला त्यांची कीव आली नाही, पण हसूही आलं नाही.

लेकीला निरोप देताना रडत असलेली चिमणाबाई डोळे पुसत आली, जीपच्या मागे चढली आणि एकेका भांड्यावर तळहात आपटत गेली. हंडा, कळशी, घंगाळ, तपेली, परात. "पावली. पावली. पावली. झालं का? आता सोडा माझ्या पोरीची वाट!"

ती उतरली, देवरे बाजूला झाले. जीप हलली. तिच्याबरोबर चालत चालत ते म्हणाले, "तांब्या राहिला. तांब्याला हात लागला नाही, तो पावला धरायचा का?"

लंकाबाईंनी त्यांच्या हातातला तांब्या ओढून घेतला आणि चालत्या जीपमध्ये ललिताच्या मांडीवर टाकला.